चार नंबरचा हात

आमच्या वर्कशॉपमध्ये दहाचा पाना कधीच जागेवर सापडला नाही. किस्से मात्र कुठलाही ड्रॉवर उघडा, पडलेलेच! लोक म्हणतात, रोबोटिक्स टीमच्या गमती सांग. सांगतो, पण त्या आठवल्या की मला हसू नंतर येतं, आधी डोकं फिरतं.

स्पर्धा अशी होती की रोबोटनं पाच मीटरवरून रबरी कडी फेकून खांबात अडकवायची. म्हणजे सगळा खेळ फेकणाऱ्या हाताचा. टीममध्ये आम्ही चार पोरं आणि अक्षता. ती रोज मुरगूडहून एसटीनं यायची आणि हात तिच्याच डोक्यातून निघालेला. प्लायवूडची पट्टी, सायकलची जुनी ट्यूब, दोन बिजागऱ्या. स्वस्तात बनवायचं, मोडलं की का मोडलं ते बघायचं, मग पुढचं करायला घ्यायचं. तीन हात मोडले. चौथ्यानं दहातल्या नऊ कड्या खांबात टाकल्या!

विभागप्रमुख सर बघायला आले. खांबाकडं त्यांचं लक्षच नाही, नजर कोपऱ्यातल्या तीन मोडक्या हातांवर. म्हणाले, "तीनदा चुकला? पहिल्यांदाच बरोबर करायला काय होतंय?"

प्रत्येक हात का मोडला ते सांगायला अक्षतानं वही उघडली. सर तोवर दाराबाहेर गेले होते.

* * *

मग कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली. सरांनी वर्कशॉप चकाचक करायचा हुकूम सोडला. सोमवारी आम्ही आलो तर फरशीत तोंड दिसत होतं आणि चार नंबरचा हात गायब. भंगारात दिला होता! मोडके तीन मात्र शाबूत, कारण आम्ही ते कपाटावर टाकले होते आणि तिथवर कुणी झाडलंच नव्हतं.

कळंब्याकडच्या भंगारवाल्याकडं धावलो. त्यानं तो हात वेगळा काढून ठेवला होता आणि ट्यूब ताणताणून बघत बसला होता. अक्षतानं तिथंच एक कडी फेकून दाखवली. तो म्हणाला, "पावणं, ह्ये टाकायचं सामान न्हवं. ह्यात डोकं हाय."

वर्षभरात आमच्या कामाला कुणी बरं म्हणालं असेल, तर ते भंगाराच्या दुकानात.

* * *

त्यानंतर अचानक सरांना रोबोट आवडायला लागला, कारण तो फोटोत चांगला दिसायचा. कुणीही पाहुणा आला की रोबोटनं गुलाब द्यायचा. एकदा तर रोबोटनं उद्घाटनाची फीत कापायची असं ठरलं. तीन दिवस सराव सोडून आम्ही त्या हाताला कात्री बांधत बसलो. फीत कापली गेलीच नाही. कात्रीत अडकली आणि रोबोट ती दोन्ही स्टँडसकट ओढत मंचाच्या टोकापर्यंत घेऊन गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ते असंच असतं.

आमचे तीन दिवस गेले त्याचं कुणालाच काही नव्हतं. त्या टाळ्या ऐकून माझं रक्त उकळत होतं.

* * *

स्पर्धेला जाणाऱ्या पाच जणांची यादी लागली. त्यात अक्षता नव्हती. तिच्या जागी अशा एका पोराचं नाव होतं, ज्यानं वर्कशॉप आतून बघितलंसुद्धा नव्हतं. सरांचं म्हणणं, मुलींच्या घरचे मुक्कामाला सोडत नसतात. आम्ही चौघं त्यांच्यासमोर माना खाली घालून उभे राहिलो. सरांपेक्षा त्या गप्प बसण्याचा राग मला आजही जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी अक्षताचे वडील मुरगूडहून आले. दुधाचा धंदा करणारा माणूस, सकाळची धार काढून थेट केबिनमध्ये.

"सायेब, मी सोडणार न्हाय असं तुमास्नी कुणी सांगितलं?"

सर म्हणाले, तसं नाही, पण मुलीची जबाबदारी कोण घेणार?

"रोज यष्टीनं एकटी येती-जाती. तवा जबाबदारी कुणी घेतलीती?"

सर "बघू" म्हणाले. यादी होती तशीच राहिली.

* * *

स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी टीमच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला. प्रमुख पाहुण्यांना रोबोटनं हार घालायचा, ही सरांची कल्पना. कडी काय नि हार काय, फेकायचंच तर आहे! मंचावर आमचा सरावाचा खांब होता. त्याच्यापुढं सरांनी पाहुण्यांना फेटा बांधून उभं केलं आणि आम्हाला खूण केली.

त्या हाताची ट्यूब किती ताणायची ते अंदाजानं ठरायचं, आणि तो अंदाज एकट्या अक्षताचा. आम्ही चौघं हाताची घडी घालून उभे राहिलो. मी म्हणालो, "सर, ते अक्षताचं काम आहे."

पाहुणे ताटकळले. शेवटी सरांनी मागच्या रांगेतून अक्षताला बोलावलं. ती वर आली आणि ट्यूबला हात न लावता तिनं आधी सरांच्या फाईलमधली स्पर्धेची यादी मागितली. सगळ्या हॉलसमोर सरांनी त्या पोराचं नाव खोडलं, तिचं लिहिलं आणि सही केली. तिनं कागद नीट वाचला, घडी घालून सॅकमध्ये ठेवला आणि मग ट्यूब ताणली.

पाहुण्यांनी मान पुढं केली. हार सुटला, त्यांच्या फेट्यावरून चार बोटं वरनं गेला आणि मागच्या खांबात जाऊन बसला.

सर पुटपुटले, "अगं, हे काय?"

अक्षता म्हणाली, "सर, पहिल्यांदाच बरोबर गेलाय की."