स्टेपनीशेजारची जागा

दुपारचे अडीच. जेवण जरा जास्तच झालंय. सोप्यात चटई टाकून मी आडवी होते. उशाशी दोन कागद आहेत. एक शोरूमवाल्यानं दिलेलं नव्या जीपचं रंगीत पत्रक आणि दुसरी मिस्त्रीची चिठ्ठी, आमच्या जुन्या जीपबद्दल: ‘इंजिन दमदार. तिसरा गिअर उडतो. बाकी काळजी नाही.’ चार वाजता भाऊजी येणार आहेत, माझे धाकटे दीर. दाजीपूरच्या जंगलात पाहुण्यांना गवे दाखवायला मी नवी गाडी घेणार, की ह्यांचीच जुनी ठेवणार, ते त्यांना सांगायचंय. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. लेक म्हणते, नवीच घे. मलाही तसंच वाटतं. त्या जुन्या गाडीचं तोंड कशाला बघायचं? डोक्यावर पंखा किरकिर करतोय. किरकिर लांब जाते, परत जवळ येते, आणि मग ती पंख्याची राहत नाही, इंजिनची होते.

जीप सोप्यातच उभी आहे. पुढचं चाक चटईच्या काठावर. स्टेअरिंगवर हे बसलेत, दवाखान्यात नेताना अंगात होता त्याच निळ्या सदऱ्यात. छातीवरची बटणं तुटलेली.

“नवी घे,” हे म्हणतात.

वर्षानं भेटतोय माणूस, आणि पहिलं बोलणं हे.

“का?”

“ही तुला न्हाई झेपायची. दांडगी गाडी हाय. हिला गड्याचा हात लागतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चौदा वर्षं मी ह्या गाडीत मागं बसले, स्टेपनीशेजारी, चाकावरच्या उघड्या पत्र्यावर. पुढची सीट पाहुण्यांची. पाहुणे नसले तरी पाहुण्यांचीच, कारण माझ्यानं कव्हर मळतं म्हणे. किल्ली ह्यांच्या करदोड्याला बांधलेली असायची, झोपतानासुद्धा. “मला शिकवा की चालवायला,” म्हटलं की हसायचे. हे गेले तेव्हा करदोडा भाऊजींनी तोडला, म्हणून किल्ली त्यांच्याकडे गेली आणि किल्लीमागं गाडी.

आणि माझी आई. तिचं शेवटचं चाललंय असा निरोप आला, तेव्हा गाडी दारातच होती. हे ती धूत होते. म्हणाले, एवढी धुऊन होऊ दे, उद्या बुकिंग हाय. मी थोडा वेळ थांबले आणि मग चालत निघाले. नऊ किलोमीटर. पोचले तोवर आईच्या तोंडात तुळशीपत्र ठेवून झालं होतं. हे मागनं आले, चकचकीत गाडीतून.

“हिंदुराव,” मी म्हणते.

लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव मी तोंडातून काढलेलं नाही. कचेरीत साहेबांनी विचारलं तेव्हासुद्धा लेकीला सांगायला लावलं. हे दचकतात. मेलेला माणूसही दचकतो तर.

“हिंदुराव, मागं बसा.”

“अगं पण किल्ली...”

“असू दे तिथंच.”

हे निमूट उठतात, दोन सीटांमधून वाकून मागं जातात आणि स्टेपनीशेजारी पत्र्यावर टेकतात. किल्ली गाडीला लावलेलीच आहे आणि ती अजून ह्यांच्या करदोड्याला बांधलेली आहे. काळा दोरा माझ्या खांद्यावरून मागं जातो. मी पहिला टाकते. गाडी स्वयंपाकघरातून निघते, दवाखान्याच्या लांब पॅसेजमधून जाते, आणि पुढच्या वळणावर तांबड्या चिखलाची वाट लागते, माझ्या माहेरची.

“तिसरा उडतोय हां,” मागनं आवाज.

मी तिसरा टाकते आणि डावा गुडघा दांड्याला लावून धरते.

“हे कुठं शिकलीस?”

“मागं बसून.”

वाटेत एक गवा आडवा उभा आहे. मी हॉर्न देत नाही. तो आमच्याकडं बघतो आणि बाजूला होतो.

“जरा दमानं,” हे म्हणतात. “लई आदळतंय.”

“आदळणारच. पत्रा हाय त्यो.”

“पाठ मोडली गं माझी.”

“एका दिवसात?”

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटतंय. खड्डा दिसला की मी गाडी मुद्दाम त्यात घालते. मागं डोकं टपाला आपटल्याचा आवाज येतो. मी आरशात बघतसुद्धा नाही.

बऱ्याच वेळानं हे बारीक आवाजात म्हणतात, “त्या दिवशी चुकलं माझं. गाडी काय, नंतरबी धुता आली असती.”

मेल्यावर सुचलं. जिवंतपणी एकदा म्हणाले असते तर मी कदाचित रडले असते. आता नुसता संताप येतो.

“सरळ बसा. अजून चार किलोमीटर हायत.”

आईचं अंगण येतं. दार उघडं आहे. आत बाजेवर आई आहे, मान वाटेकडं वळवलेली, डोळे उघडे. ओठ कोरडे आहेत, तोंडात तुळशीपत्र अजून ठेवलेलं नाही. मी वेळेत आलेय! मी गाडी बंद करते आणि किल्ली ओढते. गाडी सोडताना किल्ली आत ठेवायची नाही, हे ह्यांचंच सांगणं. पण दोरा ताणला जातो.

“मीबी येतो आत,” हे म्हणतात.

“न्हाई. किल्ली सोडा.”

“गाठ न्हाई सुटत गं.”

मी दोरा दाढेत धरते आणि कचकन तोडते. किल्ली मुठीत येते. मागं वळून बघते तर पत्र्यावर कुणी नाही. स्टेपनी, ताडपत्री, बस्स. म्हणजे मीच मोकळं केलं की ह्यांना! इतक्या लवकर मला सोडायचंच नव्हतं. चौदा वर्षांतले जेमतेम नऊ किलोमीटर भोगून झाले होते. मी एक पाय अंगणात टाकते, “आई गं,” म्हणून हाक मारते, आणि हॉर्न वाजतो.

चार वाजलेत. बाहेर फाटकापाशी जीप उभी आहे, खरी. भाऊजी उतरून येतायत.

“काय ठरलं, वैनी? नवी घेणार न्हवं?”

मला बोलताच येईना. दाढेत काहीतरी अडकलंय. बोटानं ओढून काढते. बोटभर काळा दोरा, थुंकीनं ओला, एका टोकाला घट्ट गाठ.

“हीच ठेवणार,” मी म्हणते. “द्या किल्ली.”

“बरं झालं. मग मिस्त्रीला सांगून मागं गाद्या बसवून घेऊ. पाहुण्यांना आराम.”

“बसवा. पण स्टेपनीशेजारचा पत्रा तसाच ठेवायचा. तिथं गादी नको.”

“तिथं कोण बसणार हाय?”

मी गाडीच्या मागं जाते आणि तो दोरा स्टेपनीच्या हुकाला बांधते. एक गाठ मारते, मग दुसरी, मग तिसरी.