वाडीने नकार दिला नव्हता

महाडात फायबर कसं आलं, याची गोष्ट आता ठरून गेली आहे. बाजारपेठेतला कुठलाही दुकानदार ती सांगेल. कोकणातल्या शहरांमध्ये चुरस लागली, आपण एकजूट दाखवली, कंपनीने आपल्याला निवडलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथेही वायर जाणार होती, पण तिथल्या लोकांनी जागा दिली नाही. हे शेवटचं सांगताना दुकानदार जरा हसतो. ते वाक्य मुळात माझं आहे, आणि ते खोटं आहे.

हे लिहू नये असा निरोप मला आला. आधी गोड शब्दांत आला, मग तितक्या गोड नसलेल्या शब्दांत. निरोप ऐकून गप्प बसण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही. गप्प बसून झालं आहे.

मी नोकरीभर टेलिफोनच्या तारा ओढल्या. सवच्या गरम झऱ्यांपासून नाते गावापर्यंत कुठल्या खांबाच्या पेटीत मुंग्या घर करतात, हे मला पाठ होतं. म्हणून निवृत्तीनंतर जेव्हा एका कंपनीने जाहीर केलं की कोकणातलं एक लहान शहर निवडून तिथे अतिवेगवान इंटरनेट आणणार, शहरांनी आपली मागणी दाखवावी, तेव्हा महाडच्या समितीत मला आग्रहाने घेतलं. अध्यक्ष आमचे डॉक्टर. बाकी व्यापारी, शिक्षक आणि जाणकार म्हणून मी.

मागणी दाखवायची म्हणजे काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी सगळं केलं. शाळेच्या मैदानात मुलांना गावाच्या नावाच्या आकारात उभं केलं आणि वरून ड्रोन फिरवला. रिक्षांच्या पाठीवर फलक लागले. एका कापडवाल्याने मुलीच्या लग्नपत्रिकेत छापलं, ‘कृपया आहेर आणू नये, फायबरसाठी नोंदणी करावी.’ लोकांनी नोंदणीही केली आणि आहेरही आणला.

पण हे सगळं इतर शहरंही करत होती. मग डॉक्टर म्हणाले, आपल्यामागे डोंगर आहे, तो दाखवू या.

डोंगर म्हणजे ती वाडी. तिथे फोनला रेंज नाही. वाडीच्या वर एक मोठा धोंडा आहे, त्याच्यावर चढून उभं राहिलं की मुंबईला बोलता येतं. जवळजवळ प्रत्येक घरातला माणूस मुंबईत नोकरीला, त्यामुळे संध्याकाळी धोंड्याखाली बायकांचा घोळका असतो. तळीयेवर दरड कोसळली त्या पावसानंतर डोंगरात फोन लागणं ही चैनीची गोष्ट राहिली नव्हती. कंपनीला पाठवायला आम्ही जी फिल्म केली, तिच्यात तळीयेचं नाव घेतलं. ते घ्यायला नको होतं असं मी म्हणत नाही. घेतलं, तर वायर डोंगरात न्यायला हवी होती, एवढंच म्हणतो.

फिल्मसाठी वाडीतल्या एका बाईला धोंड्यावर चढवलं. साठीच्या आसपासची, नवरा वारलेला, मुलगा मुंबईत सिक्युरिटीला. वाडी तिला काकी म्हणते. कॅमेरावाल्याने तिला पुन्हा पुन्हा चढायला लावलं. शेवटी ती म्हणाली, पोरगा आता ड्युटीवर गेला असेल, बोलू कोणाशी? कॅमेरावाला म्हणाला, नुसता कानाला लावा. त्यावर ती म्हणाली, “मग सासूशी बोलते. ती वर गेली हाय, तिथं रेंज चांगली असंल.” आणि मोठ्याने हसली. तेच हसू फिल्ममध्ये राहिलं. कंपनीला ती फिल्मच आवडली. ड्रोनमधल्या मुलांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

वाडीची संमती आणायला मी शिमग्यात गेलो. मुंबईकर घरी आलेले असतात, गावकी पूर्ण बसते, आणि वाडीचा जो काही निर्णय व्हायचा तो सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, तेव्हाच होतो. गावकीच्या प्रमुखांनी सगळ्यांना विचारलं, कुणी हरकत घेतली नाही, आणि त्यांनी माझ्या हातात नारळ दिला. तिथे नारळ हातात दिला की विषय संपला. वर सही मागणं म्हणजे अपमान. मीही कागद मागितला नाही.

मग मी चुन्याने चराची रेघ आखत गेलो. रेघ काकीच्या अंगणातून जात होती. ती म्हणाली, “साहेब, तुळशीकडनं नको. गोठ्याकडनं न्या, तिकडं माती पन मऊ हाय.” मी रेघ गोठ्याकडून वळवली. तिने मला चहा दिला. एवढंच घडलं होतं.

पुढे कंपनीने महाड निवडलं. त्यांचा सर्व्हे करणारा वाडीपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, वर सगळा कातळ आहे. वाडी धरून बसलात तर शहराचं कामही रखडेल, आणि दुसरं शहर तयारच आहे. पेशंट संपल्यावर डॉक्टरांच्या दवाखान्यात समिती बसली. वाडी सोडायची हे कुणी न बोलताच ठरलं होतं. प्रश्न वेगळा होता. डॉक्टर म्हणाले, “आपण वाडी गाळली असं म्हणता येणार नाही. फिल्म वाडीची आहे.” सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला खोटं बोल असं कुणी सांगितलं नाही. मी म्हणालो, तिथे जागेची थोडी अडचण आहे, एका बाईने अंगणातून नको म्हटलंय. डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे विरोध आहे? मी म्हणालो, तसं म्हणता येईल. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. माझाही झाला असणार. पेपरात आलं, ‘अंगणातून खोदाईला महिलेची हरकत, ग्रामस्थांचा जागेस विरोध.’

मला वाटलं होतं, वाडीत पेपर कोण वाचतो? वाडीत नसेल वाचत. पण कात्रण वाडीच्या मुंबईतल्या मंडळाच्या ग्रुपवर पडलं आणि तिथून धोंड्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कानात गेलं. नारळ देऊन शब्द दिलेला, आणि वाडीतलीच बाई मागून फिरली! गावकीने काकीला बोलावलं. देवासमोर माफी माग, असं सांगितलं. ती म्हणाली, मी नाय म्हटलंच नाय, तर माफी कसली? तिने माफी मागितली नाही.

वाळीत टाकलं असा शब्द आता कुणी वापरत नाही, कायदा आहे. फक्त तिच्या दारात कुणी येईनासं झालं. लावणीला एकमेकांच्या शेतात हात लावायची तिथली रीत. तिच्या शेतात ती एकटी वाकलेली असायची. मुंबईत तिच्या मुलाला मंडळाच्या खोलीतून निघावं लागलं. पुढच्या शिमग्यात पालखी घरोघर गेली आणि तिच्या दारासमोरून तशीच पुढे गेली.

हे मला पोलादपूरच्या एसटी स्टँडवर वाडीतल्याच एका माणसाने सांगितलं, आणि कसं, तर माझ्यावर उपकार केल्यासारखं. “तुमची वायर अडवली ना तिनं, साहेब. आमी बरोबर सरळ केली तिला.” मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझी गाडी लागली आणि मी तिच्यात जाऊन बसलो.

त्यानंतर महाडात माझा सत्कार झाला, शाल मिळाली. माझा मुलगा पुण्याची खोली सोडून घरी आला. वरच्या मजल्यावरून त्याचं ऑफिसचं काम चालतं, त्याच वायरीवर. घरात सुख होतं, हेही लिहायला हवं. मग एक दिवस कंपनीची नवी जाहिरात लागली, आणि माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर, जराही न अडखळता ती बाई धोंड्यावर उभी राहून हसायला लागली. सासूशी बोलत होती.

मी वाडीत जाणार म्हटल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, आता सगळं मिटलंय. मी विचारलं, कुणाचं?

यंदाच्या शिमग्यात वर गेलो. गावकी सहाणेवर बसली होती. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं : तिने रेघ फक्त वळवायला सांगितली, वाडीने नकार दिला नव्हता, आम्ही तुम्हाला गाळलं आणि दोष तुमच्यावर ढकलला, आणि ते तोंड माझं होतं.

मग मुंबईहून आलेला एक तरणा म्हणाला, “हे बोलायला एवढे दिवस? तुमच्याकडं तर नेटवर्क होतं ना?” लोक हसले. मीही हसलो असतो, पण प्रमुख हसले नव्हते. ते म्हणाले, झालं ते झालं, पालखी तिच्या दारात नेऊ, तिने एक नारळ ठेवावा, विषय संपला. मी म्हणालो, तिने कशाचा नारळ ठेवायचा? चुकलो मी आणि चुकलात तुम्ही. एकजण ओरडला, पाव्हण्याने गावकीला शिकवू नये. मी सांगितलं, मी पाहुणा नाही, या प्रकरणातला आरोपी आहे, आणि बोलून झाल्याशिवाय हलणार नाही.

पालखी निघाली. काकी दारात उभी होती. तिला कुणीतरी आधीच पळत जाऊन सांगितलं असणार, कारण ती तयार होती. पायरीवर पाण्याची कळशी आणि भांडी मांडलेली. ती प्रमुखांना म्हणाली, “देवाशी माजं भांडान नव्हतंच, दादा. त्याला कवापन आना. पन आधी तुमी माज्या घरचं पानी प्या.”

पालखी खांद्यांवर तशीच थांबली. ढोल थांबला. वाळीतल्या घरचं पाणी सगळ्यांदेखत प्यायचं म्हणजे गावकीने आपली चूक कबूल करायची. प्रमुखांनी मागे वळून बघितलं. मागचे सगळे खाली बघत होते. मग ते पायरीशी आले, भांडं घेतलं आणि उभ्याने रिकामं केलं. त्यांच्यामागे एकेकजण आला. तो मुंबईचा तरणाही आला. सगळे पिऊन झाल्यावर पालखी अंगणात टेकली, आणि काकीने डोळे पुसले नाहीत, पदर खोचला आणि ओटीचं सामान आणायला आत गेली.

मला तहान लागली होती. मी कळशीकडे हात केला, तशी ती दारातूनच म्हणाली, “तुमी नको, साहेब. ही मानसं पेपरात वाचून फिरली माज्यावर. हितं सांगितलंत, बरं केलंत. आता महाडात सांगा.”

मी कोरड्या घशाने डोंगर उतरलो. समितीच्या बैठकीत सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, तुमचं मन मोकळं करायला गावाची बदनामी कशाला? मी म्हणालो, वाडीची झाली तेव्हा ती गावात धरली नव्हती वाटतं. बैठक तिथेच आटोपली. माझं नाव समितीतून काढलं आहे असं कळतं. काढू देत.

वाडीने जागा दिली होती. त्या बाईने कधीही नाही म्हटलं नव्हतं. नकार आमचा होता, महाडचा, आणि तो अजूनही आहे, कारण वायर अजून वर गेलेली नाही. हे ज्यांना खोटं वाटतं त्यांनी वाडीत जाऊन विचारावं. फोन करू नये, लागणार नाही.

मी पुन्हा तिच्या दारात गेलेलो नाही. हे आधी छापून येऊ दे, मग पाणी मागायला जाईन.