बनुबाईंनी टोचलेली लस

नेवासा तालुक्यातल्या पुष्कळशा पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्यांना लस टोचायला बनुबाई साळवेच लागत. बाई पन्नाशीला आलेल्या, अंगानं बारीक. पूर्वी त्या एका शेडवर अंडी वेचायच्या. तिथं येणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचा हलका हात पाहिला आणि सुई धरायला शिकवलं. पुढं त्यांनी वस्तीवरच्या आणखी दोघीजणी जोडीला घेतल्या. कुणाचं बोलावणं आलं की तिघी टेम्पोनं जायच्या. लसीचा थर्माकोलचा डबा मात्र बनुबाई दुसरीच्या हातात देत नसत.

रंगनाथच्या शेडवर त्या कितीतरी वर्षं जात होत्या. यंदाच्या पक्ष्यांना सर्दीच्या आजाराची, डॉक्टर लोक ज्याला कोरायझा म्हणतात त्याची, लस त्यांनीच दोनदा टोचली होती. पक्षी अंड्यावर आले, म्हणजे अंडी देऊ लागले, थंडी वाढली, आणि एका सकाळी रंगनाथचा फोन आला. "बनुबाई, जरा येऊन जा," एवढंच बोलला.

शेडच्या दारातच त्यांना वास आला. सर्दीच्या आजाराचा तो कुबट, नासका वास एकदा घेतलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. पिंजऱ्यांतून कोंबड्या तोंडं सुजवून बसल्या होत्या. काहींचे डोळे पार मिटलेले, नाकातून चिकट पाणी गळत होतं. खाद्य तसंच पडलेलं आणि अंडी निम्म्यावर आलेली.

"लस तर तुमीच टोचली ना?" रंगनाथनं विचारलं.

"व्हय भाऊ."

"मग ह्ये कसं झालं?"

दुसऱ्या लसीच्या दिवशी वाटेत टेम्पो पंक्चर झाला होता. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. पाण्यात बोट घालून पाहिलं तर गार लागलं, म्हणून त्यांनी लस वापरली होती. हे त्यांनी रंगनाथला तिथंच सांगितलं. चार दिवसांत आसपासच्या सगळ्या शेडवर कळलं की बनुबाईंनी तापलेली लस टोचली. ठरलेली दोन कामं रद्द झाली. जोडीच्या बायका दुसरीकडं मजुरीला लागल्या.

घरी बसून बाईंना अन्न गोड लागेना. शेवटी त्याच रंगनाथकडं गेल्या आणि म्हणाल्या, "नगरला तपासून आनू. माझी चूक आसंल तर तीबी कळू द्या."

नगरच्या प्रयोगशाळेत दिशा मॅडम होत्या. फोनवर त्यांनी बजावलं, औषध दिलेले पक्षी आणू नका, त्यांच्यातला जिवाणू तपासणीच्या बशीत वाढत नाही. रंगनाथनं तर पाण्यातून औषध सुरू केलं होतं. कडेच्या लहान शेडमध्ये अजून दिलं नव्हतं, तिथले नुकतेच सुजलेले पक्षी जाळीच्या खोक्यात घालून दोघं टेम्पोनं नगरला गेले.

पुन्हा बोलावलं तेव्हा मॅडमनी त्यांना एक काचेची बशी दाखवली. मधोमध दुसऱ्याच एका जंतूची रेघ ओढलेली होती आणि तिच्या कडेला दवासारखे बारीक ठिपके.

"हाच तो. एकटा वाढत नाही. त्याला लागतं ते ह्या रेघेतल्या जंतूकडून मिळतं."

"मंग सापडला की," रंगनाथ म्हणाला.

"सापडला. पण ह्याच्यात प्रकार असतात. दिसायला सगळे सारखे. हा कुठला, ते बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत कळेल. किती जोराचा आहे तेही बघतील, निरोगी कोंबड्यांच्या नाकात सोडून."

"तवर आमी काय करू?"

"औषध द्या. सूज उतरेल. पण बंद केल्यावर परत येऊ शकतो."

तसंच झालं. औषधानं सूज उतरली, औषध थांबलं आणि पुन्हा चढली. औषध अंड्यात उतरतं, म्हणून ते चालू असताना अंडीही विकता येत नव्हती. निकालाची वाट बघून रंगनाथ थकला. एक दिवस व्यापाऱ्याची गाडी बोलावून त्यानं सगळ्या कोंबड्या विकल्या आणि शेड रिकामी केली.

त्यानंतर मॅडमचा फोन आला. "मावशी, हा प्रकार तुम्ही टोचलेल्या लसीत नव्हताच. बर्फ शाबूत असता तरी उपयोग नव्हता. आणि जिवाणू जहाल आहे. मोठ्या प्रयोगशाळेतल्या निरोगी कोंबड्या दोन दिवसांत सुजल्या."

बनुबाईंना आधी बरं वाटलं. मग रंगनाथची रिकामी शेड डोळ्यांपुढं आली आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

"मंग ह्या परकाराची लस द्या की, मॅडम."

"आपल्याकडे मिळत नाही अजून. मी वर कळवलंय."

"कधी मिळंल?"

"ते मला नाही सांगता येणार, मावशी."

बाईंनी रंगनाथला जाऊन सगळं सांगितलं. तो शेडच्या पायरीवर बसला होता. "बरं झालं, तुमच्यावरचं गेलं," म्हणाला आणि उठून आत गेला.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या सहादेवचं बोलावणं आलं. त्याची पिल्लं लसीच्या वयाला आली होती. बनुबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "सहादेवभाऊ, ही लस त्या रोगाला लागू न्हाई. दुसऱ्या परकाराला चालंल, पन इथं फिरतोय त्याला न्हाई."

सहादेवनं पिंजऱ्याचं दार उघडलं. "मंग नुसता बघत बसू का? टोचा. कायतरी केल्यासारखं तरी व्हईल."

बाईंनी टोचली. पूर्वीसारखीच, एकेक पक्षी हलक्या हातानं धरून. नवा बर्फ भरलेला डबा त्या घडीघडी उघडून बघत होत्या.

काही महिन्यांनी सहादेवचे पक्षी अंड्यावर आले आणि सुजायला लागले. त्यानं बोलावलं नव्हतं, तरी बातमी ऐकून बनुबाई गेल्या. तो रागावला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "आता काय करायचं वो?"

सहादेवची बायको मागच्या रानात औषधाच्या दिवसांतली अंडी पुरायला खड्डा करत होती. बनुबाईंनी पदर खोचला, अंड्यांचे ट्रे उचलले आणि तिच्या मागं गेल्या.