पुतण्याच्या पिकअपचा बंपर

काल पुतण्याने नवी पिकअप दारात आणली, तिच्या तोंडावरचा जाड लोखंडी बंपर बघितला आणि मला उकळत्या गंजक्या पाण्याचा वासच आला. गोवा राज्य झाले त्या वर्षी माझ्या भावाने आपल्या डिझेल पिकअपला खाणीवरच्या भंगारातला पत्रा बंपर म्हणून वेल्ड करून घेतला होता. गाडी वाघासारखी दिसायची म्हणे! रेडिएटरला वारा लागायला बोटभर फट उरली नव्हती. काजूचे दिवस, भर दुपार. वहिनीला कळा सुटल्या म्हणून पेडण्याहून म्हापशाला निघालो आणि चढणीवर इंजिन उकळले, वाफेचा फवारा उडाला, गाडी थांबली. मागे हौद्यात गोधडीवर वहिनी कळवळत होती आणि हा शहाणा तिच्यावरच ओरडला, "तुका सांगलेला मा, वेशीवरच्या राखणदार देवाक नारळ ठेव म्हणान! विसारलंस मा?" बंपरबद्दल चकार शब्द काढला नाही. आजही माझे डोके फिरते. पोर तिथेच, काजूच्या सावलीत, माझ्या हातांत जन्मले. तोच हा पुतण्या. काल गाडीच्या पूजेला त्याने नारळ उचलला, तर वहिनीने आरतीचे ताट खाली ठेवले. म्हणाली, "आदी नट खोलूक पानो हाड. ह्यो बंपर काढ, मगे नारळ फोड."