आधी सही, मग बैठक

मुदखेडात माझं झेरॉक्सचं दुकान, अन् समोरच बायकांचं समुपदेशन केंद्र. तिथल्या पंचशीलाताई बारा वर्षांपासून भांडणं मिटवून राहिल्या. नवरा-बायको, दोन्हीकडची माणसं समोर बसवायची, समजूत घालायची, रजिस्टरात लिहायचं. बाई लई कामाच्या. फक्त एक खोड होती, सगळ्यांच्या सह्या बैठकीच्या सुरवातीलाच घ्यायच्या. गावाकडची माणसं बससाठी मधूनच उठून जातात, मग सही कुणाची घेणार? 'राजीखुशीनं समेट झाला' हे मागाहून लिहायच्या. मी म्हणलं बी होतं, हे बरं न्हाई. ऐकतंय कोण.

त्यांच्या फोनात ते रेकॉर्डिंगचं अ‍ॅप मीच टाकून दिलं. बोललेलं सगळं मराठीत लिहून निघतं, ते बी नेटबिगर. घरातल्या गोष्टी बाहेर जायला नकोत म्हणून ताईंना ते आवडलं. फोनातलं फोनातच राहतं, असं त्या प्रत्येकीला सांगायच्या. पण रजिस्टर भरलेलं असल्यावर ते लिहून निघालेलं वाचायचं कामून? कधी वाचलंच न्हाई.

अर्धापूरकडची शिवकांता समेटानंतर सासरी गेली, अन् अठराव्या दिवशी विहिरीत सापडली. सासरचे म्हणले, पाय घसरला. त्या दिवशी ताईंनी पहिल्यांदा तिच्या बैठकीचं लिहून निघालेलं वाचलं, मग रेकॉर्डिंग ऐकलं. बैठक उठून राहिली, खुर्च्या सरकून राहिल्या, अन् त्या गलक्यात शिवकांता हळूच म्हणते, "ताई, मला नका धाडू. हे जितं ठेवायचे न्हाईत." त्यावर ताईंचाच आवाज, "आता कसं बाई, सही झाली की तुझी."

तवापासून ताईंचं काही खरं न्हाई. भर दुपारी कानात वायर घालून माझ्या दुकानात बसायच्या, अन् मधीच दचकून विचारायच्या, "पाशाभाई, कुणी हाक मारली का?" नवीन बाई समोर आली की सहीचं रजिस्टर मागं सरकवायच्या. मला तर त्यांच्याकडं बघायची भीतीच वाटायची. "ते रेकॉर्डिंग पुसून टाका," मी म्हणलं, "दुसरीकडं कुठंच न्हाई ते. उगं नोकरी जाईल." असं बोललो मी. लाज वाटते आता.

शेवटी शिवकांताची आई ताईंना हुडकत माझ्या दुकानात आली. "लेक राजीखुशीनं गेली म्हणून लिवलंय म्हणं. खरं हाय का?" एवढंच विचारलं. ताईंनी फोन तिच्या पुढ्यात ठेवला अन् ते लावलं. म्हातारीनं पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "तुमाला ताई म्हनली की वो ती."

तिघं मिळून ठाण्यात गेलो. जमादारानं ऐकलं, कागद पुढं ओढला. "पहिला आवाज मयत बाईचा. दुसरा कुणाचा?"

"माझा," ताई म्हणाल्या. "आधी तेच लिहा."