हार्ड डिस्कला हळदकुंकू

आमच्या निगडीतल्या सोसायटीने पर्यावरणाचे रक्षण करण्याचे ठरवले, तेव्हा त्या उदात्त कार्याची सुरुवात माझ्या जुन्या संगणकापासून व्हावी, असा सचिवांचा आग्रह होता. घरोघरचा इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा होणार होता.

"त्यातल्या माहितीचे काय?" मी विचारले.

"फॉरमॅट मारला की सगळं उडतं, काका. दोन मिनिटांचं काम."

सचिव आयटी कंपनीत असल्याने त्यांच्या अज्ञानाला पदवीचा भक्कम आधार होता. दोन मिनिटांच्या फॉरमॅटने अनुक्रमणिका जाते, पुस्तक जागेवरच राहते, हे मी त्यांना सविस्तर पत्राने कळवले आणि माहिती नष्ट केल्याचे लेखी प्रमाणपत्र मागितले. उत्तरादाखल त्यांनी सोसायटीच्या मोबाइल समूहावर जोडलेल्या हातांचे चित्र टाकले. मग मी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा वाचायला घेतला. त्यात घरगुती वापराला सूट आहे. संसदेला माझी इतकी काळजी असलेली पाहून ऊर भरून आला.

माझ्या स्वतःच्या पत्रांची मला चिंता नव्हती. ज्यांना लिहिली त्यांनी ती कधी वाचली नाहीत. निदान भंगारवाल्याने तरी वाचावीत. पण पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंचा नवऱ्याविरुद्धचा अर्ज त्या संगणकात होता. एका कंपनीच्या कार्मिक विभागातून निवृत्त झाल्यावर मी अडल्यानडल्यांना अर्ज लिहून देत असे. त्या अर्जात काय होते ते इथे लिहिणार नाही. वाचकांनी कुतूहल आवरावे. हे बाहेर जाणार नाही, असे वचन मी आपणहून दिले होते.

सोसायटीच्या फाटकावरची सूचना वाचून त्या बाई दारात आल्या.

"भाऊ, माझं ते अजून त्यात आहे?"

"आहे."

"पोरीचं ठरतंय. चिंचवडचे लोक आहेत. तुमच्या सचिवांचे नातेवाईक."

मी त्याच दुपारी हार्ड डिस्क काढली आणि भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याकडे गेलो. ड्रिलने आरपार भोके पाडली की विषय संपणार होता. मात्र सगळी कलमे तोंडपाठ असलेला मी पंचांग पाहायला विसरलो होतो. त्या दिवशी खंडेनवमी होती. धुतलेल्या मशीनना झेंडूच्या माळा होत्या आणि कामगार नवे शर्ट घालून पेढे वाटत होते.

"आज मशीनला हात न्हाई लावायचा, काका," मालक म्हणाले.

"एकच भोक पाडायचे आहे."

"एक काय न् धा काय. आज लोखंड कापत न्हाई आपण. आणा, हे बी हत्यारच की तुमचं!"

मी हरकत घेण्याआधीच त्यांनी डिस्क पान्यांच्या ओळीत मांडून तिला हळदकुंकू वाहिले. मांडलेली पूजा हलवता येत नाही, दसरा झाल्यावर या, हा निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला; अपिलाची तरतूद नव्हती. एका बाईची अब्रू उघड्या शेडमध्ये फुलाखाली पडून होती आणि अर्धी भोसरी प्रसादाला येत होती. शटर पडेपर्यंत मी शेजारी स्टुलावर बसून राहिलो. येणारे मला मालकांचे वडील समजून पाया पडत होते. पहारेकऱ्याचा इतका सन्मान अन्यत्र होत नसावा.

दसरा उलटल्यावर त्या बाईंना घेऊन पुन्हा गेलो. मालकांनी डिस्क शिकंज्यात आवळली.

"मी करते," बाई म्हणाल्या.

मालकांनी हँडल कसे दाबायचे ते दाखवले. पहिले भोक कुंकवातूनच गेले. बाईंनी दुसरे पाडले, तिसरे पाडले, आतल्या चकतीचा चुरा बाहेर सांडू लागला, तरी हात थांबेना.

"बास की ताई, मेलं ते!" मालक म्हणाले.

मग त्यांनी पदराने हात पुसले. बाहेर बसथांब्याशी आल्यावर म्हणाल्या, "लग्नाला या, भाऊ. पण तिथे माझ्याकडे तसं बघू नका."

"कसे?"

"आत्ता बघताय तसं."