मरळीचे आठ नमुने

सर आता हयात नाहीत आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. माफ करून टाक, असं नवरा म्हणतो. त्याला म्हणायला काय जातंय.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आमचं गाव सानगडीच्या बाजूला, बा तळ्यात मासे धरायचा. त्या हिवाळ्यात मरळीच्या अंगावर लाल जखमा दिसू लागल्या आणि बाजारात बाच्या टोपलीपुढे कोणी थांबेना. खाल्लं तर माणसालाही होईल, असं जो तो बोलायचा. मी तेव्हा विद्यापीठात सरांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचं संशोधन करत होते. मासे तपासून विद्यापीठाचा कागद आणते, तो बाजारात दाखव, असं मी बाला सांगितलं. तळ्याच्या ठेक्यातला आपला वाटा ठेवायचा की सोडायचा, हे तो त्या कागदावर ठरवणार होता.

नमुने नेणं म्हणजे टोपली नेणं नव्हे. आठ मरळी घेतल्या, चार जखमांच्या आणि चार तुलनेसाठी धडधाकट. प्रत्येक वेगळ्या पिशवीत, भोवती कापूस, मग घट्ट झाकणाचा डबा. बर्फ डब्याच्या बाहेर, वितळलेलं पाणी माशाला लागू नये म्हणून. सगळं लाकडी खोक्यात आणि मोकळ्या जागेत धानाचा भुसा. वर चिठ्ठी डकवली: तपासणीचे नमुने, खाण्यासाठी नाहीत. खोकं मांडीवर घेऊन एसटीने भंडाऱ्याला गेले आणि सरांच्या हातात दिलं. ते रोज तिथून विद्यापीठात जात; प्रयोगशाळा रात्री बंद असते, सकाळी पोचवतो म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत म्हणाले, "नमुने सडले, फेकले. ढिवराच्या पोरीले मासोळी विकता येते, नमुना नाही नेता येत." सगळे हसले. मी मान खाली घातली, कारण माझंच काही चुकलं असं मला खरंच वाटलं.

संध्याकाळी डबा परत आणायला सरांच्या घरी गेले. सरांच्या बायकोने तो घासूनपुसून दिला.

"मरळ लय गोड होती," त्या म्हणाल्या. "फोडवाल्या चार फेकल्या अन् चांगल्या चार रांधल्या. आणखी आणजो."

"वर चिठ्ठी होती," मी म्हटलं.

"ते तर यांनीच काढली."

विद्यार्थी सरांकडे घरचा तांदूळ आणून द्यायचे, पोहे आणून द्यायचे. ढिवराच्या घरून मासळीच येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

पुढच्या आठवड्यात तसेच आठ नमुने मी स्वतः प्रयोगशाळेच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि पोच घेतली. अहवाल थेट माझ्या हातात आला. रोग माशांचा, माणसाला होत नाही, नीट शिजवून खायला हरकत नाही. तो पिशवीत ठेवून मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "त्या तळ्यातली धडधाकट मरळसुद्धा रोगी असू शकते, सर. कोणी खाल्ली असेल तर त्याचं काय होईल, ते अहवाल आल्यावर कळेल."

सरांचा चेहरा उतरला. "कोणी कायले खाईन?" म्हणाले.

दहा दिवस मी अहवाल दाबून ठेवला. सर बाही वर करून हात निरखायचे. दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आले. रोज विचारायचे, आला का? मी म्हणायचे, नाही सर. इतकं गोड मी आयुष्यात दुसरं काही चाखलेलं नाही. दहाव्या दिवशी सगळ्यांदेखत अहवाल मोठ्याने वाचला आणि शेवटी म्हटलं, "तेव्हा तुम्ही खाल्लेल्या चार नमुन्यांची काळजी करू नका, सर." त्या दिवशी लोक त्यांना हसले.

तशीच एसटी पकडून गावी गेले आणि बाला कागद वाचून दाखवला.

"तू दुसऱ्यांदा मासोळ्या नेल्यावर दोन बाजार वाट पाहिली, बाई," तो म्हणाला. "काल ठेक्याच्या बैठकीत वाटा सोडून देल्ला. दुसऱ्यानं घेतला." मग कागद हातात घेऊन त्याने विचारलं, "कवा आला हा?"

"आज," मी म्हटलं.

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख ठळक होती. बाला वाचता येत नव्हतं.